बाबांना इंजेक्शन थेट हृदयाच्या धमनीत दिलं, ते चुकलं का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे बाबांना (वय 66) हार्ट अटॅक आला. सुरुवातीला अ‍ॅसिडिटी वाटली म्हणून आम्ही घरीच थांबलो. मग गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढला आणि तिथूनच कराडला हलवलं. निघताना गोळ्या दिल्या होत्या, पण अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्यांना मोठी उलटी झाली. कराडला लगेच अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "गुठळी फार होती, म्हणून इंजेक्शन थेट हृदयाच्या धमनीत दिलं." पुण्याच्या भावाने इंटरनेटवर वाचलं, की हे इंजेक्शन शिरेतून द्यायचं असतं. न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतो, तिकडे कॅन्ग्रेलॉर नावाचं ड्रिप लावतात, गोळ्यांच्या भरवशावर राहत नाहीत. संमतीपत्रावर सही माझी आहे. भाऊ तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही आणि मला रात्री झोप लागत नाही. खरंच काही चुकलं का?

दुसरं म्हणजे, दात घासताना बाबांच्या हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर निळे डाग दिसतात. आई म्हणते, गोळ्या थोडे दिवस बंद करू. त्यांची एक दाढही दुखते आहे. दाताचे डॉक्टर म्हणाले, 5 दिवस गोळ्या थांबवा, मग काढू. काय करू? डिस्चार्ज कार्डाचा फोटो जोडला आहे.

– एक मुलगी, पाटण तालुका

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आजच्या आज हवं. बाबांच्या दोन्ही गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर, एक दिवससुद्धा बंद करू नका. आईंना सांगा, हिरड्यांतून थोडं रक्त येणं आणि कुठे आपटल्यावर निळा डाग पडणं या औषधांवर अपेक्षितच आहे. स्टेंट टाकल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात गोळ्या थांबवल्या, तर त्या स्टेंटमध्येच नवी गुठळी होऊ शकते, आणि तो झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो. दाढेबद्दल शेवटी लिहिते.

आता इंजेक्शनचं. नाही, चुकलं नाही. तुम्ही पाठवलेलं कार्ड मी ओळ न् ओळ वाचलं. त्यात एक नोंद आहे, तिच्याकडे तुमच्यापैकी कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. दुसऱ्या पानावर, प्रोसिजरच्या तपशिलात लिहिलंय: 'आयसी टायरोफिबॅन बोलस, पुढे आयव्ही इन्फ्युजन 12 तास.' आयसी म्हणजे हृदयाच्या धमनीच्या आत आणि आयव्ही म्हणजे हाताच्या शिरेतून. औषधाचा पहिला डोस धमनीत दिला आणि त्याच औषधाचं ड्रिप पुढे 12 तास शिरेतून चालू ठेवलं. भाऊ म्हणतो त्या वाटेनेही औषध गेलंच आहे.

पण एवढ्यावर तुमची झोप परत येणार नाही, हे मला कळतं. सही करणाऱ्या माणसाला नुसतं 'बरोबर झालं' ऐकून चैन पडत नाही. का बरोबर, ते समजावं लागतं. म्हणून त्या सकाळी बाबांच्या शरीरात काय चाललं होतं, ते कार्डावरच्या वेळा धरून सांगते.

दुखणं 4:30 ला सुरू झालं. ईसीजी 6:55 ला निघाला. 7:05 ला अ‍ॅस्पिरिन 325 मिलिग्रॅम चावायला आणि टिकाग्रेलॉर 180 मिलिग्रॅम गिळायला दिली. 7:10 ला दुखणं कमी व्हावं म्हणून मॉर्फिन. 7:30 ला उलटी. कराडला पोहोचल्यावर 8:05 ला टिकाग्रेलॉरचा तोच डोस पुन्हा, चुरून पाण्यातून. 8:35 ला वायर गुठळीच्या पलीकडे गेली आणि बलूनने रक्त सुरू झालं.

हार्ट अटॅकमध्ये धमनीतल्या चरबीच्या थरावरचं पातळ आवरण फाटतं. शरीराला ती जखम वाटते. प्लेटलेट पेशी तिथे धावत येतात, जखमेला आणि एकमेकींना चिकटतात, आणि बघता बघता धमनी बंद होते. स्टेंट टाकतानाही आपण आतून आणखी थोडी जखम करतो आणि वर धातूची जाळी सोडून येतो, म्हणजे प्लेटलेटना चिकटायला आणखी एक जागा. म्हणून त्या क्षणी प्लेटलेट गप्प असायला हव्यात. औषध कोणतं आणि कुठून द्यायचं, हा सगळा विचार या एका गरजेपोटी होतो.

सगळ्यात सोपी वाट तोंडाची. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत ती उत्तमच आहे, फक्त गोळी चावायला हवी. निरोगी स्वयंसेवकांवरच्या एका छोट्या अभ्यासात 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खाल्ली तेव्हा तिचा निम्मा परिणाम साधारण 5 मिनिटांत दिसला; तीच अख्खी गिळली तेव्हा 12 मिनिटं लागली. वर कोटिंग असलेली गोळी न चावता गिळली तर ती पोटात न विरघळता पुढे सरकते, आणि घाईच्या वेळी तिचा काही उपयोग नाही. या साध्या गोळीची ताकद 1988 साली आयसिस-2 या अभ्यासाने दाखवून दिली. त्यात 17 हजारांहून जास्त रुग्ण होते आणि महिनाभर रोज घेतलेल्या अ‍ॅस्पिरिनने 5 आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ 23 टक्क्यांनी कमी झाले. गावातल्या डॉक्टरांनी ती चावायला लावली आणि उलटी त्यानंतर 25 मिनिटांनी झाली. म्हणजे अ‍ॅस्पिरिनचं काम बहुधा तोवर सुरू झालेलं होतं.

अडचण दुसऱ्या गोळीची होती. टिकाग्रेलॉर धडधाकट माणसाला दिली तर तासा-दोन तासांत पूर्ण परिणाम दाखवते. हार्ट अटॅकच्या रुग्णात तसं होत नाही. शरीर घाबरलेलं असतं, रक्तदाब डळमळतो, रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवलं जातं आणि आतड्याच्या वाट्याला कमी येतं. पोट पुढे ढकलायचं थांबतं. गोळी तिथेच पडून राहते. इटलीतल्या रॅपिड नावाच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं: प्रासुग्रेल (टिकाग्रेलॉरसारखंच काम करणारी गोळी) किंवा टिकाग्रेलॉर घेऊन 2 तास झाले तरी बऱ्याच रुग्णांच्या प्लेटलेट अजून जाग्याच होत्या, आणि पुरेसा परिणाम यायला निदान 4 तास लागत होते. तुमच्या बाबांची धमनी दुसऱ्या डोसनंतर अर्ध्या तासात उघडली. त्यांच्या प्लेटलेटवर त्या वेळी गोळीचा ताबा असणं जवळपास अशक्यच होतं.

त्यात मॉर्फिन. हे औषध दुखणं शमवतं, पण आतड्याची हालचाल मंदावतं आणि उलटीही आणतं. पोलंडमध्ये 70 रुग्णांवर झालेल्या इम्प्रेशन अभ्यासात मॉर्फिन घेतलेल्यांच्या रक्तात टिकाग्रेलॉर एक तृतीयांशाहून थोडं अधिक घटून पोहोचलं आणि शिखर गाठायला 2 तासांऐवजी 4 तास लागले. हे वाचून लगेच गावातल्या डॉक्टरांना दोष देऊ नका. छातीवर दगड ठेवल्यासारखं दुखत असताना माणसाला तसंच तळमळत ठेवणं हाही उपचार नव्हे. असह्य वेदनेने हृदयाची धडधड वाढते आणि त्याला आणखी प्राणवायू लागतो. मात्र मॉर्फिन दिल्यावर गोळीवर विसंबून चालत नाही, हे पुढच्या डॉक्टरांनी ओळखायचं असतं. कराडच्या डॉक्टरांनी ते ओळखलेलं दिसतं.

गोळी चुरून दिल्याने काय झालं? मोजितो या 82 रुग्णांच्या अभ्यासात चुरलेल्या टिकाग्रेलॉरने तासाभरात प्लेटलेट अधिक दबल्या. म्हणजे चुरणं फुकट जात नाही. पण नेदरलँड्समध्ये 727 रुग्णांना अ‍ॅम्ब्युलन्समध्येच प्रासुग्रेल चुरून किंवा अख्खी दिली, तेव्हा चुरलेल्या गोळीने प्लेटलेट लवकर दबूनही धमनीतला रक्तप्रवाह किंवा ईसीजी काही सुधारला नाही. हा कंपेअर-क्रश अभ्यास 2020 मध्ये छापून आला. रक्ताच्या चाचणीत औषध लवकर पोहोचलेलं दिसणं आणि माणूस त्यामुळे अधिक बरा होणं यांत अंतर असतं. पुढे शिरेचं आणि धमनीचं सांगते, तेव्हाही हे अंतर लक्षात असू द्या.

तर 8:35 ला चित्र असं होतं. गोळी पोटात, धमनीत भरपूर गुठळी, आणि कार्डात लिहिल्याप्रमाणे बलून फुगवल्यावरही प्रवाह मंद, 'टिमी 2'. याचा अर्थ असा, की कॅथेटरमधून (हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीतून) सोडलेला डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, धमनीच्या टोकापर्यंत जातो पण रेंगाळत जातो. पडद्यावर तो काळा धागा पुढे सरकतो, थबकतो, पुन्हा सरकतो. गुठळीचे बारीक तुकडे सुटून पुढच्या केसाएवढ्या वाहिन्यांत अडकलेले असतात. आम्हां कार्डिओलॉजिस्टना या क्षणाची फार भीती वाटते. मोठी वाट मोकळी झालेली असते आणि स्नायूला तरीही रक्त मिळत नसतं.

अशा वेळी टायरोफिबॅनसारखं औषध काढलं जातं. प्लेटलेट एकमेकींचा हात जिथे धरतात तीच जागा ते अडवतं, आणि त्याचा परिणाम काही मिनिटांत येतो. हे औषध सरसकट प्रत्येकाला देत नाहीत, कारण रक्तस्राव वाढतो. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही ते प्रवाह अडला किंवा गुठळी फार असली तरच वापरावं असं म्हटलंय. तुमच्या बाबांच्या बाबतीत दोन्ही कारणं होती.

ते कुठून द्यायचं? शिरेतून दिलं तर औषध आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, मग फुप्फुसांतून डावीकडे, आणि मग सगळ्या शरीराबरोबर हृदयाच्या धमन्यांत. वाटेत ते पातळ होतं. उलट मनगटातून वर गेलेला कॅथेटर हृदयाच्या धमनीच्या तोंडाशीच बसलेला असतो; त्यातून सावकाश सोडलं की गुठळीजवळ औषध जास्त दाट मिळतं. तर्क सरळ आहे, आणि कित्येक वर्षं बऱ्याच डॉक्टरांचा त्यावर विश्वास होता.

मग 2012 मध्ये दोन अभ्यास आले. जर्मनीतल्या एडा-स्टेमी अभ्यासात 2,065 रुग्ण होते. निम्म्यांना अ‍ॅब्सिक्सिमॅब हे टायरोफिबॅनच्याच जातीचं औषध धमनीत दिलं, निम्म्यांना शिरेत. 90 दिवसांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा नव्याने हार्ट फेल्युअर यांपैकी काही झालं असे रुग्ण धमनीच्या गटात 7.0 टक्के आणि शिरेच्या गटात 7.6 टक्के. म्हणजे फरक नाही. एकट्या हार्ट फेल्युअरचा आकडा पाहिला तर धमनीचा गट बरा होता, 2.4 टक्के विरुद्ध 4.1 टक्के. पण मुख्य प्रश्नाचं उत्तर 'फरक नाही' असं आल्यावर आतला एक आकडा उचलून विजय जाहीर करायचा नसतो. रक्तस्रावही दोन्ही गटांत सारखाच होता.

त्याच वर्षी आलेल्या इन्फ्यूज-एएमआय अभ्यासात 452 रुग्ण होते, सगळ्यांना हृदयाच्या पुढच्या भागाचा मोठा झटका आलेला. त्यात तेच औषध धमनीच्या तोंडाशी न सोडता एका खास बारीक कॅथेटरने थेट गुठळीत झिरपवलं. महिन्यानंतर एमआरआय केला तेव्हा मेलेल्या स्नायूचा भाग औषध मिळालेल्यांत 15.1 टक्के आणि न मिळालेल्यांत 17.9 टक्के निघाला. फरक लहान आहे, पण तो सापडला आणि बहुधा योगायोगाचा नाही. मात्र इथे तुलना गुठळीत औषध देणं आणि अजिबात न देणं यांची होती, शिरेशी नव्हती.

या दोन अभ्यासांच्या मधल्या जागेत एक व्यवहाराची गोष्ट आहे, तुम्ही उसाच्या पट्ट्यातल्या, म्हणून तुम्हाला चटकन कळेल. बुजलेल्या सरीच्या तोंडाशी पाटात खत सोडलं, तर ते बुजलेल्या सरीत शिरत नाही, शेजारच्या वाहत्या सऱ्यांत जातं. धमनी पूर्ण बंद असताना तिच्या तोंडाशी औषध सोडलं तर तेच होतं: ते चांगल्या फांद्यांमध्ये जातं किंवा मागे महाधमनीत परत येतं. म्हणून धमनीत द्यायचं तर आधी वायर किंवा बलूनने थोडी वाट करून मग द्यावं, किंवा बारीक कॅथेटर गुठळीच्या आत नेऊन द्यावं. तुमच्या कार्डात क्रम स्पष्ट आहे: वायर, छोटा बलून, प्रवाह टिमी 2, मग टायरोफिबॅन, मग स्टेंट, शेवटी 'टिमी 3'. टिमी 3 म्हणजे प्रवाह पूर्ववत. ज्याने हे काम केलं, त्याला ते कळत होतं.

अ‍ॅब्सिक्सिमॅब आता बाजारातून गेलं. आपल्याकडे टायरोफिबॅन आणि त्याच जातीचं एप्टिफिबॅटाइड वापरतात. त्यांच्यावरचे धमनी विरुद्ध शीर असे अभ्यास लहान आहेत. काहींमध्ये धमनीत दिल्यावर प्रवाह थोडा बरा दिसतो. माझं मत विचाराल तर, पडद्यावर प्रवाह अडलेला दिसतोय आणि कॅथेटर जागेवरच आहे, तर पहिला डोस धमनीत देणं शहाणपणाचं आहे. एखाद्याने तो शिरेतून दिला असता तरी मी त्याला चुकीचा म्हटलं नसतं. हे भावाला जरूर सांगा. त्याने वाचलेलं खोटं नाही. औषधाच्या माहितीपत्रकात शिरेची वाट लिहिलेली असते, कारण परवानगी त्या वाटेसाठी घेतलेली असते. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत, डॉक्टर त्यापलीकडे निर्णय घेतात, आणि या बाबतीत त्या निर्णयामागे पुरेसा अभ्यास आहे.

आता मावसभावाचं कॅन्ग्रेलॉर. औषध खरंच चांगलं आहे. शिरेतून ड्रिप सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत प्लेटलेट दबतात आणि बंद केल्यावर तासाभरात पूर्ववत होतात. उलटी होणाऱ्या, बेशुद्ध किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे, कारण पोटाचा संबंधच उरत नाही. चॅम्पियन फीनिक्स या 11,145 रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या 48 तासांतले मृत्यू, झटका, पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा स्टेंटमधली गुठळी यांचं एकत्र प्रमाण 5.9 वरून 4.7 टक्क्यांवर आलं. त्यानंतर 2015 मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पण त्या अभ्यासात तुलना क्लोपिडोग्रेलशी होती, जे टिकाग्रेलॉरच्याच कामाचं पण मुळातच हळू चालणारं औषध आहे, आणि बहुतेक रुग्ण बाबांसारख्या तातडीच्या मोठ्या झटक्याचे नव्हते. शिवाय ते महाग आहे आणि सगळीकडे ठेवलेलं नसतं. गोळी लागू होईपर्यंतचा मधला काळ भरून काढणं हे त्याचं काम. बाबांच्या बाबतीत तो काळ टायरोफिबॅनने भरून काढला. साधन वेगळं, हेतू तोच.

याचा अर्थ इथे सगळं उत्तम आहे, असा मात्र मी काढू देणार नाही. आपल्या तालुक्यांच्या गावी पहिला ईसीजी होतो तिथे उलटी झाली तर काय करायचं, मॉर्फिन दिलं असेल तर पुढच्या रुग्णालयाला फोनवर कळवायचं, हे लेखी असायला हवं. तुम्ही उलटीची वेळ कराडच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगितलीत, कार्डात 'मुलीने सांगितल्यानुसार' अशी नोंद आहे. त्या एका वाक्यामुळे गोळीचा डोस पुन्हा दिला गेला. सही करणाऱ्या मुलीने त्या सकाळी केलेलं हे काम भावालाही माहीत असू द्या.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी, आणि ती दोष देण्यासाठी नाही. 4:30 ते 6:55 हा वेळ घरात गेला. जवळजवळ अडीच तास. इंजेक्शन धमनीत की शिरेत याने फरक पडलाच तर शंभरात एखाद-दुसऱ्याला पडतो, तोही अभ्यासांनी नीट पकडता आलेला नाही. अडीच तासांचा फरक हृदयाच्या स्नायूला निश्चित कळतो. पहाटेच्या छातीतल्या जळजळीला अ‍ॅसिडिटी समजणं आपल्याकडे घरोघरी होतं. इनो किंवा सोडा प्यायला जातो, ओवा चावला जातो, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवून वाट पाहिली जाते. सॉर्बिट्रेटने गुठळी सुटत नाही आणि रक्तदाब मात्र धाडकन उतरू शकतो. पुन्हा कधी घरात कोणालाही घाम फुटून छाती, जबडा किंवा डावा हात 10-15 मिनिटांहून जास्त दुखला, तर 108 ला फोन करा आणि जवळ जिथे ईसीजी होतो तिथे जा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा पोटात अल्सर नसेल तर डॉक्टरांशी फोनवर बोलून साधी गोळी चावून खायला द्या. अँजिओप्लास्टीचं रुग्णालय 2 तासांत गाठणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयातच देतात. तेव्हा सोबतची गोळी बहुधा क्लोपिडोग्रेल असते, टिकाग्रेलॉर नाही. ते पाहून 'जुनं औषध दिलं' म्हणून भांडू नका, त्या परिस्थितीत तेच योग्य असतं.

आता पुढचं वर्ष. टिकाग्रेलॉर 90 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, अ‍ॅस्पिरिन 75 दिवसातून एकदा. टिकाग्रेलॉर रोज दोनदा घ्यावी लागते, कारण तिचा परिणाम लवकर ओसरतो; रात्रीची गोळी चुकली तर सकाळपर्यंत तेवढं संरक्षण कमी. काही जणांना या गोळीने अचानक दम लागल्यासारखं वाटतं. बाबांना तसं वाटलं तर घाबरून गोळी थांबवू नका, कराडला फोन करा. हृदयाचं काही नाही ना हे ते पाहतील आणि गरज पडली तर गोळी बदलतील. खर्च परवडत नसेल तरीही मेडिकलवाल्याकडून परस्पर बदलून घेऊ नका. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, क्लोपिडोग्रेलवर कधी आणि कसं आणायचं ते त्यांनाच ठरवू द्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असलं काहीही नको. दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल.

हिरड्यांसाठी मऊ ब्रश घ्या. डांबरासारखी काळी चिकट शौच, रक्ताची उलटी, लाल लघवी, अचानक तीव्र डोकेदुखी, तोंड वाकडं होणं किंवा हातातली ताकद जाणं, यांतलं काही दिसलं तर मात्र तडक दवाखाना.

आणि दाढ. दाताच्या डॉक्टरांचा हेतू चांगला आहे, सल्ला जुना आहे. स्टेंटला तीन आठवडे झालेत, आणि इतक्यात दाढ काढण्याची घाई करूच नये. दुखणं थांबवायला तात्पुरतं सिमेंट, रूट कॅनॉलची पहिली बैठक, पू असेल तर अँटिबायोटिक, हे सगळं गोळ्या चालू ठेवून होतं. पुढे काढावीच लागली तर एका वेळी एकच दाढ, सकाळच्या वेळेला, टाके घालून आणि गॉज दाबून, दोन्ही गोळ्या चालू असतानाच. रक्त थोडा वेळ जास्त येईल, पण दाढेच्या खड्ड्यातलं रक्त बोटाने दाबून थांबवता येतं. दाताच्या डॉक्टरांना कराडच्या कार्डिओलॉजिस्टचा नंबर द्या आणि बोलू द्या. दोघे बोलल्याशिवाय तारीख ठरवू नका.